विसर्ग आणि मनी

नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांत मराठीने एका मात्रेचे अंतर राखले आहे. मुलाचे नाव ठेवताना आपण पंचांग पाहतो, आत्याला मान देतो, पाळण्याभोवती गोळा होतो. घरच्या कुत्र्यामांजराचे नाव मात्र बहुधा जाता जाता, कुणाच्या तरी तोंडून निघून जाते आणि मग चिकटते. ते कुणाच्या तोंडून निघाले आणि कुणाच्या तोंडी टिकले, याचा शोध घेऊ लागले की घरातील पुष्कळ गोष्टी उघड्या पडतात. आम्ही तो शोध मुद्दाम घेतला नाही. अलीकडे एका कागदावर एका मांजरीचे नाव लिहायचे होते, तेवढ्यावरून तो सुरू झाला.

लिहिणारे आम्ही दोघे आहोत. दोघेही मराठीचे अध्यापक. वर्गात भाषेविषयी बोलण्याचा वेतन मिळणारा व्यवसाय असल्यामुळे घरातही त्याच विषयावर भांडण्याची सवय. एकीचे बालपण कराड तालुक्यात, पालीच्या खंडोबाच्या पंचक्रोशीतील एका खेड्यात गेले; दुसऱ्याचे सांगलीच्या गावभागात, कृष्णेपासून हाकेच्या अंतरावर. हाकेच्या अंतरावर हा शब्दप्रयोग आम्ही पूर्वी सहज करीत असू.

खेड्यातल्या घरापासून आरंभ करतो, कारण तेथील नावांचा व्यवहार अधिक मौजेचा होता. गावातल्या कुत्र्यांची नावे मोत्या, राजा, वाघ्या आणि शहरातून कुणी सुट्टीला येऊन गेले असेल तर टायगर. बैलांची नावे सर्जा, राजा, ढवळ्या, पवळ्या. आणि त्याच आळीतल्या माणसांची नावे धोंडी, दगडू, केरबा. आधीची लेकरे जगली नाहीत की पुढच्याला दगडाचे किंवा केराचे नाव द्यायचे, म्हणजे मृत्यूला त्याचा मोह पडत नाही, अशी त्यामागची समजूत. पोटचे पोर धोंडा आणि दारचे कुत्रे मोती! ज्याच्या जाण्याची खरी भीती होती त्याचे नाव कवडीमोल ठेवले जाई. ज्याच्या जाण्याने फारसे अडणार नव्हते त्याला राजाची पदवी. ही विसंगती लहानपणी कधी जाणवली नाही. नावांचे समाजभाषाविज्ञान शिकवू लागल्यावर, एके दिवशी वर्गात उदाहरण देता देता ती लख्ख दिसली आणि वाक्य तेथेच अडले.

त्या घरातल्या आजोबांचे नाव धोंडी होते. त्यांच्या पाठच्या नव्हे, आधीच्या दोन भावंडांनी पाळणा सोडला नव्हता. चुलत घराण्याशी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वैर होते, आणि बोलणे बंद असल्यामुळे शिव्या देण्याची सोय उरली नव्हती. तेव्हा चुलत आजोबांनी एक कुत्रे पाळले आणि त्याचे नाव धोंड्या ठेवले. रोज तिन्हीसांजेला बांधापलीकडून आवाज येई, "धोंड्या, हाड! धोंड्या, मर तिकडं!" आजोबा अंगणात बसून दोर वळत असत. त्यांना ऐकू येत नसे, असे निदान त्यांच्या चेहऱ्यावरून वाटे.

कुत्र्याला मात्र या राजकारणाची कल्पना नव्हती. त्याला बांधाच्या अलीकडची भाकरी आवडे. ते येऊन आमच्या पडवीशी उभे राही आणि आजीची मोठी पंचाईत होई. आजीने नवऱ्याचे नाव आयुष्यात फक्त उखाण्यात घेतलेले. ते कुत्र्याला कसे घेणार? यू यू करून बोलवावे तर ते बिनओळखीच्या कुत्र्याला बोलावण्यासारखे, आणि हे तर रोजचे. शेवटी ती त्याला 'पाव्हणं' म्हणू लागली. "आलं का पाव्हणं? बसा तकडं." अहोजाहो करण्याची सवय नवऱ्यामुळे जडलेली होती, ती त्याच्या नावाच्या कुत्र्यालाही लागू झाली. हळूहळू कुत्रे धोंड्या या हाकेला ढिम्म हलेनासे झाले आणि पाव्हणं म्हटले की शेपूट हलवीत येऊ लागले. चुलत आजोबांचे वैर असे त्यांच्याच कुत्र्याने निकामी करून टाकले. ते म्हातारे होऊन बांधावरच मेले तेव्हा खड्डा आजोबांनी खणला. चुलत आजोबा येऊन बाजूला उभे राहिले. दोघे काही बोलले नाहीत. विहिरीचा तंटा मिटला असे कुणाला वाटेल, पण तो मिटला नाही. तो पुढे कोर्टात गेला आणि आजोबांच्या मागेही पुष्कळ वर्षे चालला.

याच आजीने घरच्या कुत्र्याला वाघ्या हे नाव कधी ठेवू दिले नाही. रायगडावरच्या वाघ्याच्या ऐतिहासिकतेवरून पुढे केवढे वाद झाले, २०१२ साली तो पुतळा हलवला काय गेला आणि पुन्हा बसवला काय गेला, ते तिच्या पश्चात. तिची हरकत वेगळीच होती. खंडोबाचा वाघ्या म्हणजे देवाला वाहिलेला माणूस. तो स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतो, पूर्वी तर देवापुढे कुत्र्यासारखा भुंकतही असे. माणूस होऊन ज्याने हे नाव मागून घेतले, त्याचे नाव कुत्र्याला फुकट कसे द्यायचे, असे तिचे म्हणणे. या युक्तिवादाला उत्तर आम्हाला आजही सुचलेले नाही.

गावभागातल्या घरी नावांची ही श्रीमंती नव्हती. तेथे आईचे राज्य होते (आमच्यापैकी एकाची आई, एकीच्या सासूबाई, पुढे दोघांचीही आईच) आणि आईच्या राज्यात प्रत्येक मांजर मनी होती. दुसऱ्याने शाळेत जाण्याआधी पाहिली ती मनी करडी होती, मुंजीच्या सुमाराची मनी काळी, दहावीतली पांढऱ्या पायांची. एक गेली की काही महिन्यांनी दुसरी कुठून तरी येई आणि पहिल्याच दिवशी तिला आधीचे नाव आणि आधीची बशी मिळे. लग्नानंतर या प्रथेवर आम्ही दोघांनी मिळून आक्षेप घेतला. तेव्हा नुकतीच नोकरी लागलेली, डोक्यात वाङ्मयातील व्यक्तिचित्रणाविषयीची ताजी मते. आम्ही आईला सांगितले, की असे एकच नाव देणे म्हणजे त्या जिवाचे वेगळेपण नाकारणे. मनी ही व्यक्ती न राहता हुद्दा होते, पेशवा असावा तशी. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मांजर गेलं तरी मनी असतेच की घरात."

आम्हाला ते उत्तर तेव्हा कोरडे वाटले होते. आज तसे वाटत नाही; पण तो आमच्या वयाचाही दोष असू शकेल.

२०१३ च्या हिवाळ्यात एक पांढरे पिल्लू माळ्यावरून खाली उतरले. सबंध अंग पांढरे, आणि पाठीच्या अखेरीस, शेपटीच्या अलीकडे, एकाखाली एक असे दोन काळेभोर ठिपके. मराठीच्या अध्यापकांना दुसरे काय दिसणार? शब्द संपतो तेथे जसा असावा तसा, अगदी नेमक्या जागी, विसर्ग. ते नाव दोघांच्याही तोंडून एकदमच निघाले आणि आपल्या विद्वत्तेवर आपण किती खूश होऊ शकतो याचा अनुभव आम्ही घेतला. मांजर मादी आणि शब्द पुल्लिंगी ही अडचण होती. पण विद्वानांचे अशा अडचणींवाचून अडत नाही. दोन वर्षांच्या कन्येच्या जिभेला तो जोडाक्षराचा शब्द पेलेना, तिने त्याचे विसू केले. आई म्हणाली, "काय म्हणायचं ते म्हणा," आणि बशी पुढे सरकवून म्हणाली, "ये मने."

एलियटने मांजरांच्या नावांविषयीच्या आपल्या प्रसिद्ध कवितेत प्रत्येक मांजराला तीन नावे असतात असे सांगितले आहे. १९३९ च्या त्या संग्रहाचा हवाला देऊन आम्ही पाहुण्यांना सांगत असू, की आमच्या घरी हे तंतोतंत खरे आहे. पाहुणे हसत. विसर्ग या हाकेला ती कधी वळून पाहत नाही, विसू म्हटले तर कान हलवते आणि मनी म्हटले की असेल तेथून येते, हे सांगण्याचे आम्ही टाळत असू.

आणखीही एक गोष्ट होती. सांगलीत राहून विसर्ग हा शब्द केवळ व्याकरणाचा मानता येत नाही. दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात तो मथळ्यात असतो: कोयनेतून विसर्ग सुरू, विसर्ग वाढवला, इतके क्युसेक. पहिल्याच पावसाळ्यात आम्हाला हा श्लेष सापडला आणि मग त्यावर वर्षानुवर्षे विनोद झाले. मांजर दुधावर दुध पिऊन सुटले की विसर्ग वाढला, दिवसभर दिसले नाही की विसर्ग बंद. संस्कृतात या शब्दाचा मूळ अर्थ सोडणे, सोडून देणे, त्याग. तोही आम्ही कन्येला शिकवला होता. एका शब्दात केवढे काय भरले आहे, असे म्हणालो असू.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आले. गावभागाला पाणी नवे नाही. आमच्या घराच्या भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ होती, आणि त्या रेघेवर आमचाच नव्हे, सबंध गल्लीचा विश्वास होता. सामान तिच्या वर हातभर उचलून ठेवले की झाले, असे सगळेच समजून चालले. त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांच्या वर गेली. २००५ च्या रेघेवर जे जे मोठ्या हुशारीने रचून ठेवले होते ते सगळे पाण्यात गेले. आम्ही वरच्या मजल्यावर दोन रात्री काढल्या. वीज नव्हती. फोनवर जोवर जीव होता तोवर एकच शब्द ऐकू येत होता: कोयनेचा विसर्ग, वारणेचा विसर्ग, अलमट्टीचा विसर्ग.

तिसऱ्या दिवशी दुपारी सज्जाशी होडी आली. होडीतले दोघे तरुण कुठले, कुणी पाठवलेले, हे विचारण्याचे भान आम्हाला नव्हते. त्यांचे उपकार मात्र फिटायचे नाहीत. आधी म्हातारी माणसे आणि मुले, सामान नको, लवकर. मांजरीला आम्ही सकाळपासून कापडी पिशवीत घालून तयार ठेवले होते. आईला सज्जावरून उतरवताना होडी भिंतीवर आदळली, कुणीतरी ओरडले, आणि पिशवीतून नखे बाहेर आली. मनगटावर ती खूण अजून आहे. ती कौलांवरून शेजारच्या पाख्यावर गेली आणि दिसेनाशी झाली.

आम्ही हाक मारली. दोघांनीही, जितक्या मोठ्याने मारता येईल तितक्या मोठ्याने: "विसर्ग! विसर्गऽ!"

होडीत आधीच बसलेले एक गृहस्थ होते. त्यांचे घर आमच्यापेक्षा खालच्या अंगाला, ते दोन दिवसांपूर्वीच बुडालेले. त्यांनी चमकून वर पाहिले आणि विचारले, "अजून सोडलाय? किती?"

आमच्या तोंडून पुढची हाक फुटली नाही. ते नाव त्या पाण्यात पुन्हा उच्चारणे शक्य नव्हते. आणि दुसरे एक नाव, जिला ती नेमाने येत असे, आमच्या ओठांवर आलेच नाही. त्या क्षणी सुचले नाही असे आम्ही नंतर एकमेकांना सांगितले. सुचले असेल. सहा वर्षे जे मान्य केले नव्हते ते होडीतल्या परक्या माणसांसमोर मान्य करायला जीभ कचरली असेल. खरे काय ते सांगता येत नाही.

मग होडीतून आई ओरडली, "मनेऽऽ! ये मने, ये बाई!" पाख्याच्या आढ्यावर पांढरे काहीतरी हलले आणि ओरडणे ऐकू आले. मधे पंधरा-वीस हात पाणी, त्याला ओढ, आणि लोंबणाऱ्या तारा. होडीतला पोरगा म्हणाला, "मावशी, तकडं न्हाई जाता यायचं. मांजरं हुशार असत्यात, वर चढून बसत्यात. तुम्ही बसा खाली." आम्ही उतरलो आणि बसलो. गल्लीच्या वळणापर्यंत आई हाका मारीत होती आणि वळणापर्यंत उत्तर येत होते.

पुढचे दहा दिवस मिरजेला नातलगांकडे काढले. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेल्याची बातमी आली, त्यानंतर मांजराचा विषय काढायची कुणाची छाती होणार? कॉलेज सुरू झाल्यावर शिरोळ तालुक्यातील एका विद्यार्थ्याने सांगितले, की त्याचे वडील म्हशी सोडून निघायला तयार होईनात, कमरेइतक्या पाण्यात त्यांच्यापाशी रात्र काढली. म्हशींची नावे त्याने न विचारता सांगितली. आम्ही आमचे काही सांगितले नाही. घरी परतलो तेव्हा गुडघाभर गाळ होता, सत्यकथेचे जुने अंक फुगून एकमेकांना चिकटले होते, भिंतीवर जुन्या रेघेच्या वर नवी रेघ होती. मांजर नव्हते. शेजाऱ्यांच्या पाख्यावर, माळ्यावर, बोळात, कुठेच नव्हते. कुणी म्हणाले पाणी ओसरताना पांढरे मांजर देवळाकडे पाहिले. तेथेही जाऊन आलो.

आई महिनाभर रोज तिन्हीसांजेला ओट्यावर उभी राहून हाक मारी. मग एके दिवशी थांबली आणि आत येऊन, रागाने नव्हे, साधे विचारावे तसे तिने विचारले, "तुम्ही तिला त्या नावानं कशाला हाका मारल्यात? त्या नावाला ती कधी आली होती?"

त्यानंतरच्या सत्रात एकाला महाभारतावर व्याख्यान द्यायचे होते. महाप्रस्थानिक पर्वातला कुत्रा सगळ्यांना माहीत असतो. त्याला सोडून रथात बसायला युधिष्ठिराने नकार दिला. आदिपर्वाच्या आरंभीही एक कुत्र्याची कथा आहे, ती फारशी सांगितली जात नाही. सरमा ही देवांची कुत्री. तिचे पिल्लू यज्ञाच्या जागी काही अपराध न करता मार खाऊन येते आणि ती जनमेजयाला जाब विचारायला जाते. आरंभीच्या कुत्रीला नाव आहे. अखेरच्या कुत्र्याला नाही. स्वर्गाच्या दारापर्यंत सोबत आलेल्या त्या जिवाला युधिष्ठिराने काय म्हणून हाक मारली असेल, हे व्यासांनी सांगितलेले नाही. हाक मारावी लागली नसेलही. तो न बोलावता मागून येत होता. व्याख्यान चांगले झाले असे विद्यार्थी म्हणाले. आम्ही होडीत बसलो होतो हे त्यांना माहीत नव्हते.

आणखी एक कथा आम्ही त्या वर्षी शिकवली नाही. शरच्चंद्रांची 'महेश'. गफूर या गरीब मुसलमान शेतकऱ्याने आपल्या बैलाला महादेवाचे नाव दिले आहे आणि शेवटी रागाच्या भरात त्याच्याच हातून तो मरतो. ही कथा दोघांपैकी कुणीतरी दरवर्षी शिकवत असे. त्या वर्षी दोघांनाही वेळ मिळाला नाही असे ठरले.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले, तेव्हा आम्ही वेळेवर निघालो; न्यायला घरात कुणी नव्हते. २०२३ मध्ये आई गेली. तिची बशी फडताळात तशीच होती.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एक बांडी मांजरी ओट्यावर येऊन बसू लागली. आधी ओट्यावर, मग उंबऱ्यावर, मग आत. बशी कुणी काढली ते आठवत नाही. तिला नाव ठेवायचे नाही असे आम्ही न बोलता ठरवून टाकले होते. 'ती आली', 'तिने दूध प्यायले', एवढ्यावर भागत होते. कन्येने मोबाइलवर पाहून तीन-चार विलायती नावे सुचवली, पण तिनेही आग्रह धरला नाही. परवा तिला लस टोचायला नेले. दवाखान्यातल्या माणसाने कार्ड पुढे ओढले, आमचे नाव लिहिले, पत्ता लिहिला आणि विचारले, "मांजराचं नाव?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. कन्या टोपलीचे झाकण धरून उभी होती. ती म्हणाली, "मनी."

त्याने लिहिले आणि मान वर न करता म्हणाला, "सकाळपासून ही तिसरी. वय?"